तासाला चार बोटं

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, आणि या एका सत्याच्या बळावर माणूस पर्वतसुद्धा उचलू शकेल. सोलापूरच्या हायस्कुलात सतरा वर्षं मी हे वाक्य फळ्यापुढे उभा राहून, डोळे किंचित मिटून सांगत आलो. सन १९३८ च्या दसऱ्यानंतर दोन दिवसांनी मी माळशिरसला सर्व्हिस मोटारीतून उतरलो, तेव्हा टपावरची माझी ट्रंक खाली घ्यायला दोन माणसं लागली, आणि त्या दोघांत मी नव्हतो.

मला बोलावलं होतं वेणीमाधव वकिलांनी. हे माझे मावसभाऊ. सोलापुरात कोर्टकचेरी करून कंटाळले, म्हणून इकडे कालव्याखाली ऊस करू लागले होते. आणि बैल युक्तिवाद ऐकून घेत नाहीत, म्हणून त्यांनी विलायती ट्रॅक्टर आणला होता. त्याच्या पाठीला नांगर जोडलेला असे आणि तो तेलाच्या दाबानं उचलला जाई. दांडी ओढली की पंप तेल ढकलतो, तेल नळकांड्यातला दट्ट्या ढकलतं आणि दट्ट्या नांगर वर घेतो. वकिलांच्या पत्रात हे सगळं होतं. शेवटी एक ओळ होती : "वर घेतलेला नांगर वर राहत नाही. हे तुझ्या विषयातलं आहे. ये."

मूळ प्रकार खंडेनवमीला घडला. त्या दिवशी अवजारांबरोबर ट्रॅक्टरचीही पूजा झाली. नांगराला झेंडूचा हार घालून तो वर उचलून ठेवला. त्याच्या खाली पाट, पाटावर ट्रॅक्टरबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका, कारण यंत्राची पोथी तीच. पुस्तिकेवर पेढ्यांची ताटली आणि शेजारी नारळ. आरत्या संपेस्तोवर नांगराचा हार नारळाच्या शेंडीला टेकला. "यंत्र नमस्कार करतंय," असं म्हणून बायकांनी त्याच्यावर अक्षता टाकल्या. मग मंडळी जेवायला गेली आणि पानसुपारी करून परत आली, तर नांगर पेढ्यांवर बसलेला. नैवेद्य इतक्या उघडपणे स्वीकारलेला गावानं आजवर पाहिला नव्हता.

वकिलांना मात्र हे लागलं. "येत्या रविवारी साखर कारखान्याचे भागीदार ट्रॅक्टर बघायला यायचेत," ते मला म्हणाले. "अकरा वाजल्यापासून त्यांची जेवणं होईपर्यंत नांगर अधांतरी राहिला पाहिजे. नाही राहिला, तर सोमवारी पुण्याहून सर्टिफिकेटवाला ड्रायव्हर येतोय. मग बिरप्पानं खुशाल आपली मेंढरं वळावीत."

बिरप्पा हा वकिलांचा ड्रायव्हर. जातीनं धनगर, वय पस्तिशीचं. ट्रॅक्टर पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा गाव मागे पळालं आणि हा एकटा पुढे येऊन त्याच्या अंगावर हात ठेवून उभा राहिला. शंभर मेंढरं ज्याला एका शिट्टीत वळवता येतात त्याला एक यंत्र वळवता येईल, असा वकिलांनी युक्तिवाद केला. आणि त्यांच्या युक्तिवादांत क्वचित घडतं तसं घडून, तो खरा ठरला.

"मास्तर, त्यो खाली येतुया," बिरप्पा मला म्हणाला.

"किती?"

त्यानं हाताची चार बोटं जुळवून दाखवली. "तासाला येवढं."

मी खिशातून फूटपट्टी काढली आणि घड्याळ लावून तासभर बसलो. तीन इंच भरले. मग पट्टी त्याच्या बोटांना लावली. तिथेही तीन इंच भरले, याचं मला जरा वाईट वाटलं.

पुस्तिकेची पानं बत्तीस. शेवटची दोन पेढ्यानं एकमेकांना घट्ट चिकटली होती. पूजेत ठेवलेलं पुस्तक फाडायचं नसतं. शिवाय कुठल्याही विलायती पुस्तिकेच्या शेवटी कंपनीच्या इतर मालाच्या जाहिराती असतात, हे मला अनुभवानं माहीत होतं. मी तीस पानांवर भागवलं.

एकोणिसाव्या पानावर म्हटलं होतं की, आधी बाहेरची गळती शोधावी; सांधे कोरडे पुसून त्यांवर खडूची पूड फासावी, तेल कुठे झिरपतं ते आपोआप दिसेल. खडू माझ्याजवळ होते. माझ्याजवळ खडू नाहीत असं सतरा वर्षांत झालेलं नाही. आम्ही सगळे सांधे पांढरे केले, नांगर वर घेतला आणि निंबाखाली बसलो. थोड्या वेळानं एका नळीच्या आट्यापाशी काळा ठिपका उमटला. बिरप्पानं पाना घेऊन तो आटा आवळला. पुन्हा पूड फासली. ठिपका आला नाही.

"बरी झाली की गळती," बिरप्पा म्हणाला.

नांगर मात्र तासाला चार बोटं खाली येतच राहिला.

तेवढ्यात त्याची बायको बनाबाई भाकरी घेऊन आली. बिरप्पा नांगराखाली उताणा शिरून नळकांडं पुसत होता. तिनं टोपलं खाली ठेवलं नाही. डोक्यावर तसंच धरून उभी राहिली.

"टेकू लावल्याबिगर शिरू नगा म्हनलं व्हतं न्हवं?"

"टेकू कशाला? तेल हाय की आत."

"तेल हाय म्हनं! मेंढराला खरूज झाली तर लांबून कळतं तुमास्नी. आन डोस्क्यावर लोखंड येतंय त्ये कळंना व्हय?"

तो हसत बाहेर आला, तेव्हा कुठे तिनं टोपलं उतरवलं. त्याला पाटाच्या पाण्यावर हात धुवायला पाठवून ती माझ्याकडे वळली.

"मास्तर, ह्ये नीट व्हईल न्हवं?"

"होईल की. शास्त्र आहे हे."

"तसं न्हाई. चवदा वरसं झाली लगनाला. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन जायाचं आन पावसाळ्याला यायाचं, तवाबी निजायचं मेंढरांपाशीच. सासूचे पाय गेलेले, म्हंजी मी हितंच. औंदा ही गाडी आली, तर पयल्यांदा सगळं वरीस घरात हाईत." तिनं टोपल्यावरचं फडकं सारखं केलं. "घोरत्यात लई. मला ठावंच नव्हतं."

मी खिशातला खडू चाचपला. मी पुस्तिका उघडली.

एकविसाव्या पानावर आतली गळती होती. बाहेर तेलाचा थेंब नाही आणि तरी अवजार उतरतं, तर तेल आतल्या आत मागे पळत असलं पाहिजे. एक तर दट्ट्याच्या चामड्यावरून, नाही तर झडपेतून. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नांगर जमिनीवर टेकवला आणि नळकांडं उघडलं. वाटीसारखं एक चामडं निघालं. बिरप्पानं ते वाकवलं, कडेवरून नख फिरवलं, नाकाशी नेलं. "मोटंचं चामडं असतंय तसं हाय. ह्येला काय झालं न्हाई," तो म्हणाला. कातड्याच्या बाबतीत त्याच्याशी वाद घालण्याइतकं शिक्षण मला झालेलं नव्हतं.

"मग झडप," मी म्हणालो. "तेलाच्या टाकीचं झाकण काढ."

निंबाखाली बसलेली बनाबाई ताडकन उठली. "त्ये नगा उघडू."

"का गं?" बिरप्पानं विचारलं.

"उगाच. आत धूळ जाईल."

झाकण निघालं. यंत्राचं तेल काळपट असतं, हे मी वाचलं होतं. हे तेल पिवळं होतं. बिरप्पानं तळाची जाळी वर काढली, तर तिच्यावर ओल्या हळदीचा बोटभर थर. झडपेच्या गोळीलाही पिवळं लागलेलं. त्यानं थराचा वास घेतला आणि बायकोकडे बघितलं.

बनाबाईनं पदर नीट केला. "म्या घातला. नवमीला, पूजेच्या आधी. बिरोबाचा भंडारा हाय. मूठभरच."

"ह्येच्या तोंडात?"

"मग कुटं घालू? त्येला तोंड येकच दिसलं."

"अगं, पर कशाला?"

"तुमी दर रोज त्याच्याखाली उताणं पडताय. टेकू लावा म्हनलं तर हसताय. मग सांगायचं कुनाला? म्हनलं बिरोबा, ह्यो ह्यांच्या अंगावर पडू देऊ नगंस. तितं हात दे." आणि एकदम आवाज उतरवून ती माझ्याकडे वळली. "त्येच्यानंच खाली येतंय व्हय, मास्तर?"

झडपेत बाह्य पदार्थ अडकल्यास तेल मागे कसं वाहतं, यावर मी मनात तीन वाक्यं जुळवून ठेवली होती. ती मी गिळली. कारण बिरप्पानं त्या जाळीवरचा तेलकट भंडारा दोन बोटांवर घेतला आणि कपाळाला लावला. ओघळ नाकापर्यंत आला.

"लई तेलकट हाय की गं," तो म्हणाला.

"देवाला चालतंय," ती म्हणाली, आणि पदराच्या टोकानं तिनं तो ओघळ टिपला. कपाळावरचा तसाच राहू दिला.

संध्याकाळी वकिलांनी विचारलं, "काय सापडलं आत?"

"धूळ," मी म्हणालो. सतरा वर्षांत मी मुलांना इतकं संक्षिप्त उत्तर कधी दिलेलं नाही.

जाळी, झडप, गोळी सगळं घासलेटनं धुतलं. नवं तेल माझ्या धुवट धोतराच्या सोग्यातून गाळून भरलं. शनिवारी सकाळी बिरप्पानं दांडी ओढली, नांगर दिमाखात वर गेला आणि आम्ही तिघं त्याच्यापुढे बसलो. तासाभरानं बिरप्पानं बोटं लावली.

चार.

"धा वेळा मोजलं तरी चारच," तो म्हणाला.

बनाबाईनं आपली बोटं लावून पाहिली. "माजी तर पाच भरली."

"तुजी बारीक हाईत."

मी पुस्तिका पहिल्या पानापासून तिसाव्यापर्यंत पुन्हा वाचली. आम्ही झडप पुन्हा काढली, पुन्हा बसवली. दुपारी पुन्हा चार. माझ्यातलं शास्त्र त्या दिवशी संपलं आणि मी निंबाला टेकून बसलो. बिरप्पा पाने-पकडी पुसून एकेक पेटीत ठेवू लागला. दुसऱ्याच्या हवाली करायची वस्तू माणूस जशी जास्तच लख्ख पुसतो, तसा.

"त्यो पुण्यावाला येऊ द्या," तो म्हणाला. "धुळा दिवाळीला मेंढरं काढनारच हाय. जातो त्येच्यासंगं." धुळा हा त्याचा धाकटा भाऊ.

बनाबाई उठून वस्तीवर गेली आणि आली ती खांद्यावर गुडघ्याइतका बाभळीचा ओंडका घेऊन. तो तिनं नवऱ्यापुढे आपटला.

"लावा आता तरी टेकू."

"वकील बगतील की."

"बगू द्यात. रानात ऊस न्हाई व्हय? चार ऊस हिकडनं, चार तिकडनं बांधू. पावन्यांसाठी मखर केलंय म्हनायचं."

बिरप्पा ओंडक्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मी पुस्तिकेकडे बघितलं. पाहिलेल्या तीस पानांत त्याला मनाई नव्हती.

रविवारी साडेदहाला नांगर वर गेला, खाली ओंडका उभा राहिला, आणि भोवती शेंड्यापाल्यासकट ऊस बांधला गेला. झेंडूचे हार बनाबाईनं स्वतः ओवले होते. अकराला भागीदार आले. त्यांनी नांगराभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, दोन तास जेवले, परत येऊन पाहिलं. नांगर जिथल्या तिथे. एका भागीदारानं आपल्या छत्रीनं उंची मोजून घेतली होती. त्यानं पुन्हा छत्री लावून पाहिली आणि ती काखेत मारली.

मंडळी गेल्यावर वकील मखरापुढे येऊन उभे राहिले. त्यांनी उसाच्या मोळीकडे बघितलं. मग बिरप्पाकडे, मग बनाबाईकडे, मग माझ्याकडे. पण ते जातिवंत वकील होते. ज्या मोळीत पुरावा सापडेल तिच्यात त्यांनी हात घातला नाही.

"आरास चांगली झालीय," ते बनाबाईला म्हणाले, आणि पुण्याला तार करायला माणूस पाठवला. येऊ नका, गरज नाही.

बनाबाई तिथेच खाली बसली आणि एक ऊस सोडून दातांनी सोलू लागली. बिरप्पानं हात पुढे केला तेव्हा तिनं अर्धा मोडून दिला. दोघं शेजारी बसून चोथा थुंकत राहिली. मी दुसरीकडे बघितलं.

सोमवारी मी निघालो. बिरप्पानं माझी ट्रंक नांगरावर बांधली आणि दांडी ओढली. ट्रंक अलगद, एकाही माणसाचा हात न लागता, जमिनीवरून वर गेली. सतरा वर्षं सांगत आलो ते पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिलं. मी डोळे मिटलेले नव्हते. मोटारस्टँडावर पोचल्यावर बिरप्पा सीटवरून उतरला, आणि ट्रंकेला हात लावण्याआधी त्यानं मागं बांधून आणलेला ओंडका काढून नांगराखाली सरकवला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"घरी कळतंय," तो म्हणाला.

मोटार सुटली. पुस्तिका चुकून माझ्याच पिशवीत राहिली होती. टेंभुर्णीपर्यंत ऊन चढलं, पेढ्याचं तूप सुटलं आणि शेवटची दोन पानं आपसूक वेगळी झाली. तिथे जाहिराती नव्हत्या. एकतिसाव्या पानावर लिहिलं होतं : वर घेतलेलं अवजार तासाला तीन इंचांपर्यंत खाली येतं. हा दोष नव्हे. खाली लाकडी टेकू द्यावा.