मागच्या बाजूच्या तेवीस नोंदी

मी एक जुनी नोंदवही आहे. जन्माची. कचेरीत मला रजिस्टर म्हणतात; म्हणोत बापडे. माझं वय साठीच्या आसपास, पाठीला कापडी पट्टी, कोपरे झिजलेले आणि पोटात दोनशे बारा पानं भरून माणसं. मित्रांनो, आत्मवृत्त म्हटलं की सुखदुःख सांगायचं असतं म्हणे. सांगते, पण एक आधीच कबूल करते. मला फारसं काही वाटत नाही. हजारांनी जन्म लिहून घेतल्यावर सुरुवातीला वाटायचं तेही हळूहळू वाटेनासं झालं.

एका बाइंडरने मला शिवलं. दाभण आरपार गेलं तेव्हा दुखलं असावं, आठवत नाही. माझ्या पानांवर रकाने आखलेले होते. तारीख, मुलगा की मुलगी, आईचं नाव, वडिलांचं नाव, पत्ता. बस्स, एवढ्यात माणूस मावायचा.

माझा पहिला कारकून अक्षराचा राजा. लोक बाळाची नोंद करायला यायचे आणि त्याच्या अक्षराकडेच बघत राहायचे. "छापल्यासारखं आहे हो," म्हणायचे. ते कौतुक ऐकून मी फुगायचे. तेव्हा मी नवी होते, मला वाटायचं अजून.

एका वर्षी कारकुनाला कावीळ झाली. सहा महिने तो अंथरुणावर, आणि बदली माणूस काही आला नाही. खिडकी बंद बघून लोक घरी परत गेले. तो कामावर आला तेव्हा तेवीस घरची माणसं चिठ्ठ्या घेऊन एकापाठोपाठ आली. आता आली का पंचाईत! उशिराच्या नोंदी मध्येच घुसवल्या तर चालू नंबर मोडणार आणि तपासणीत त्याचीच मान पकडली जाणार. त्याने डोकं चालवलं. मला उलटं केलं आणि मागच्या बाजूने, खालचं वर करून, तेवीस नोंदी वेगळ्या लिहून काढल्या.

त्यातली चौदावी एका मुलीची होती. मुलगी तोवर पाच महिन्यांची झालेली, आईच्या खांद्यावर निजलेली. आई म्हणाली, "साहेब, ही अजून मान धरत नाही हो." कारकुनाने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. त्या गोष्टीला रकाना नव्हता.

"पहिल्या पानावर 'मागे पाहावे' असा शेरा टाकून ठेवतो," तो स्वतःशीच पुटपुटला. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. पुढच्या आठवड्यात त्याची बदली झाली आणि शेरा राहिला तो राहिलाच.

मग माझ्या कामाची वर्षं आली. शाळेचा दाखला, नोकरी, लग्न, परदेशाचा प्रवास, काहीही असलं की लोक माझ्याकडे धावायचे. दिवसाला दहादा मला फळीवरून उतरवायचे. माझ्यातल्या कित्येक नोंदींपुढे नंतर तांबड्या शाईने 'मृत' असं लिहिलं गेलं. पहिल्या दोन-चारदा वाटलं वाईट. मग सवय झाली.

पुढे कॉम्प्युटर आला. कंत्राटदाराची दोन माणसं यंत्र घेऊन आली आणि माझ्या एकेका पानाचा फोटो काढू लागली. दोनशे बाराव्या पानानंतर कोरी पानं लागली. "कोरं आहे, सोड," एक जण म्हणाला. दुसऱ्याने मला मिटलं आणि वर 'स्कॅन पूर्ण' अशी चिठ्ठी डकवली. तेव्हापासून मी जिन्याखाली, चाळीसेक वह्यांच्या ढिगात. माझ्या अंगावर पंख्याचं मोडकं पातं. एक दिवस कळलं की सोमवारी गाडी येणार आणि आमचा लगदा करणार. ऐकून मला काहीच वाटलं नाही. खोटं कशाला सांगू?

त्याच आठवड्यात टेलरबाई येऊ लागली. पन्नाशीची बाई, गळ्यात मोजपट्टी, ती काढायचं भान नसायचं तिला. तिसऱ्या खेपेला खिडकीवरच्या मॅडमचा आवाज चढला. जिन्याखाली सगळं ऐकू यायचं.

"ताई, तुमची स्वतःची नोंद लगेच सापडली की नाही? तुमच्या बहिणीची नाहीये. कॉम्प्युटरमध्ये नाही म्हणजे नाही."

"मग ती काय आभाळातून पडली?"

"असं मी म्हटलं का?"

"मॅडम, मी भांडायला आले नाही." टेलरबाईचा आवाज सपाट होता. रडून झालेल्या माणसाचा असतो तसा. "माझी थोरली बहीण इथल्याच एका आश्रमात आहे, आई गेली तेव्हापासून. तिला बोलता येत नाही, चालता येत नाही. आता आश्रम बंद होतोय. महिनाअखेरीला सगळ्यांना दुसऱ्या शहरात हलवणार, आठ तासांवर. मी म्हटलं, मी घरी नेते. तर ते म्हणतात, सख्खी बहीण असल्याचा कागद आणा. दोघींचे आईवडील एक आहेत हे कागदावर दिसलं पाहिजे."

"त्यांना माहीत नाही का तुम्ही कोण ते?"

"सव्वीस वर्षं बघतायत मला. दर रविवारी जाते. मी गेले की ती माझी बाही धरते, सोडतच नाही. दुसरं काही कळत नाही तिला. आठ तासांवर गेली तर कोणाची बाही धरेल?"

मॅडमनी पुन्हा एकदा पडद्यावर शोधून पाहिलं. बाई वाईट नव्हती, पण पडद्यावर नाही ते आणणार कुठून? शेवटी दारातला शिपाई पुढे आला. त्याला सगळी कचेरी मामा म्हणायची.

"मॅडम, त्या सालची मूळ वही जिन्याखाली आहे अजून. बघू द्या की त्यांना. सरकारी काम, सहा महिने थांब म्हणतात, पण इथं सोमवारी गाडी येतेय."

"स्कॅन झालंय मामा सगळं."

"झालं असेल. बघून काय झिजणार आहे का ती?"

अशी मी पुन्हा उजेडात आले. टेलरबाईने मला बाकावर मांडीवर घेतलं आणि पहिल्या पानापासून एकेक ओळीवर बोट फिरवत निघाली. सुईने बोटाची टोकं खरखरीत झालेली. दुपार झाली. तिने डबा उघडला नाही. दोनशे बारावं पान संपलं, कोरं पान आलं, मग दुसरं कोरं. ती थांबली.

"नाही," ती म्हणाली. कोणालाच नाही, नुसतं म्हणाली. मला मिटून दोन्ही हात वर ठेवून बसली. मला ओरडून सांगता आलं असतं तर मी सांगितलं असतं का? वाटतं, सांगितलं असतं.

पण मित्रांनो, टेलरला एक खोड असते. कापड हातात आलं की आधी उलटी बाजू बघायची. शिवण कशी आहे, कुठे उसवलंय, ते तिथंच कळतं. परत द्यायला उठली तेव्हा तिने हातासरशी मला उलटं केलं आणि मागचा पुठ्ठा उघडला. अक्षरं सरळ दिसली. छापल्यासारखी.

चौदाव्या ओळीवर बोट थांबलं. आईचं नाव. वडिलांचं नाव. घराचा पत्ता. तिने तीनदा वाचलं. डोळ्यात टिपूस नाही. मग खिडकीपाशी जाऊन म्हणाली, "मॅडम, हे काय आहे बघता का जरा?"

मॅडमनी चष्मा चढवला. मामा मागून डोकावले. "घ्या! काखेत कळसा अन् गावाला वळसा," ते म्हणाले.

"कोरं म्हणून सोडलं असणार," मॅडम हळूच म्हणाल्या. दाखला त्यांनी स्वतः टाइप केला आणि साहेबांच्या टेबलावर स्वतः नेऊन सही आणली. नंतर मामांना सांगून ढिगातली प्रत्येक वही मागून उघडायला लावली. आणखी दोघींच्या पाठीमागे माणसं निघाली. सोमवारची गाडी रिकामी गेली आणि मला मॅडमच्या खुर्चीमागच्या फळीवर जागा मिळाली.

अकरा महिन्यांनी टेलरबाई पुन्हा खिडकीवर आली. गळ्यात मोजपट्टी नव्हती. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं आणि मृत्यूनोंदीचा अर्ज पुढे ओढला.

"ठिकाण?"

"घर."

"माहिती देणाऱ्याचं नातं?"

"बहीण."

मॅडमनी लिहिलं. या वेळी नात्याचा कागद कोणी मागितला नाही. मग फळीवरून मला उतरवून चौदाव्या नोंदीपुढे तांबड्या शाईने तो नेहमीचा शब्द लिहिला. मला वाईट वाटलं. किती वर्षांनी वाटलं, ते सांगता येणार नाही.

मित्रांनो, तुमच्या गावच्या कचेरीतही जिन्याखाली माझ्यासारख्या असतील. जुन्या झालो म्हणून फेकायचं तर फेका, जागा सगळ्यांनाच लागते. फक्त त्याआधी आम्हाला एकदा मागून उघडून बघा. माझ्या मागच्या बाजूला तेवीस जण आहेत. बावीस जणांना अजून कोणी शोधायला आलेलं नाही.