कावळ्याला दिलेला शब्द

सासूबाई गेल्या आणि तिसऱ्या दिवशी पंचगंगेच्या घाटावर कावळा शिवेना. माझ्यामागचं सगळं लचांड तिथून सुरू झालं.

आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. तर आत्यांच्या आवडीचं सगळं पानावर वाढलं होतं. झुणका, भाकरी, दहीभात, बशीत ओतलेला चहा, शेजारी मिश्रीची डबी. कावळे नव्हते असं नाही. पत्र्याच्या कडेला बसून ते पानाकडे बघत होते आणि एकही खाली उतरत नव्हता. कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्या माणसाचा जीव कशाततरी अडकलाय, हे आमच्यात लहान पोरालाही माहीत असतं. मग ज्याला जे सुचेल ते त्यानं हात जोडून कबूल करायचं आणि कावळ्याकडे बघायचं.

धाकटे दीर अमरसिंह पुण्याहून आले होते. ते म्हणाले, "आई, इथनं पुढं दर म्हैन्याला येतो." कावळ्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मग माझे यजमान सयाजी पुढे झाले. "आई, तंबाखू सोडतो. शप्पत." एक कावळा तर पाठ फिरवून बसला. आत्या जिवंत असताना त्यांनी तरी या शपथेवर कुठे विश्वास ठेवला असता! मग आणखी कुणी काही, कुणी काही. ऊन चढलं, पाय भाजायला लागले, एकजण हळूच म्हणाला की गाईला घाला पान आणि आटपा.

माझा तोल गेला. दोन मुलगे असून या बाईचा जीव सुटेना, आणि आता गाईवर ढकलायचं? मी पुढे झाले आणि म्हणाले, "आत्या, तुमचं सगळं मी ध्यानात ठीवते. जावा आता निवांत!" खरं सांगते, त्यात माया कमी आणि वैताग जास्त होता.

माझं बोलणं पुरतं व्हायच्या आत एक कावळा खाली आला. त्याच्या डाव्या पंखाचं एक पीस लोंबत होतं. त्यानं दहीभातात चोच घातली, मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा चोच घातली. सगळ्यांनी हात जोडले. "सुनंतच जीव हुता म्हातारीचा," असं कुणीतरी म्हणालं. सयाजींनी सुटल्यासारखा श्वास सोडला. मी काय बोलून बसले ते मात्र मला तेव्हा कळलं.

आत्यांचं सगळं म्हणजे काय, हे आत्यांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. घरातले नवस, गावातल्या म्हसोबाचा निवद, कुरुंदवाडच्या मावशींना उन्हाळ्यात पाठवायच्या शेवया, कुणाच्या मुलीला पहिल्या पंचमीला काय द्यायचं, कुणाच्या घरी पाऊल टाकायचं नाही आणि का, हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. त्या कधी चुकल्या नाहीत. आणि मी? मी गॅसवर दूध ठेवून शेजारणीकडे बोलायला जाणारी बाई. "स्वप्नाली, डोकं हाय का खोकं?" हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत आलेय. असल्या सुनेच्या डोक्यावर आत्यांचा जीव टांगला गेला होता.

शिवाजी पेठेत आमचं घर, आणि मागच्या खोलीत माझा धंदा. कांदा-लसूण चटणी करून मी विकते. मिरच्या डंकावरून कुटून आणायच्या, मसाला भाजायचा, कालवायचा. त्या खोलीला एक खिडकी आहे. मे महिन्यात एका सकाळी मी चटणी कालवत होते आणि एकदम वाटलं, मागे कुणीतरी उभं आहे. वळून पाहिलं तर खिडकीच्या गजांवर कावळा. डाव्या पंखाचं पीस लोंबतंय. तो ओरडत नव्हता, नुसता बघत होता. मी हाकललं, तो गेला नाही. आणि मला मिश्रीचा वास आला. घरात मिश्री आता कुणीच लावत नाही.

दुपारी कुरुंदवाडहून मावशींचा फोन आला. "ह्या वर्षी शेवया न्हाईत व्हय गं?" मी चूक कबूल केली, त्याच दिवशी शेवया पाठवल्या, आणि दुसऱ्या दिवशी कावळा आला नाही.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, असं मी स्वतःला बजावलं. पण म्हसोबाचा निवद चुकला तेव्हा तो पुन्हा आला. खालच्या आळीतल्या म्हातारीला जोतिबाचा गुलाल द्यायचा राहिला, तेव्हाही आला. मी खिडकीकडे पाठ करून काम करायला लागले तर मानेवर नजर टोचायची. सयाजींना सांगितलं तर म्हणाले, "अगं, चटणीच्या वासानं येतंय ते. आन् ध्यानात ठीव की जरा, शब्द दिलायस न्हवं तू?" म्हणजे आई यांची, आणि लक्षात ठेवायचं मी. मला इतका राग आला की त्या रात्री मी त्यांना वाढलंही नाही.

पण रागावून भागणार नव्हतं. शब्द मोडला तर आत्या मागे फिरतील, हे मला दिवसाढवळ्या खरं वाटायला लागलं होतं. आधी फोनमध्ये गजर लावून पाहिले. गजर वाजायचा, मी चटणीचे हात पुसून फोन उचलायचे, तर त्यात दोन ऑर्डरी, कुणाच्या बारशाचे फोटो, जावेचा लांबलचक निरोप. ते सगळं बघून फोन खाली ठेवेपर्यंत गजर कशाचा होता तेच डोक्यातून जायचं. मान वर करावी तर खिडकीत तो.

शेवटी बिंदू चौकाजवळच्या बोळात गुरुसिद्ध यांचं जुन्या-नव्या वस्तूंचं दुकान आहे, तिथे गेले.

"काय दावू, वैनी?"

"ध्यानात ठेवणारं कायतरी पायजे. दुसरं काय करणारं नको."

त्यांनी मनगटावरचं घड्याळ दाखवलं, थरथरणारं. मी म्हणाले, माझा हात दिवसभर मिरचीत असतो. मग एक छोटा फोन काढला. "हे घ्या की, ह्यात सगळं हाय."

"सगळं हाय म्हणूनच नको."

गुरुसिद्ध हसले, आत गेले आणि धूळ पुसत एक तळहाताएवढं यंत्र घेऊन आले. डिजिटल डायरी. झाकण उघडलं की राखाडी पडदा आणि खाली उठावाची बटणं, बोटाच्या मागच्या पेरानंही दाबता येतील अशी. जुना माल, आता कोण घेत नाही म्हणाले.

"ह्यात फोटो?"

"न्हाईत."

"कुणाचा मेसेज?"

"येऊच शकत न्हाई. तारीख घाला, काम घाला, त्या दिवशी वाजतंय. मराठी अक्षरं तेवढी न्हाईत बघा."

मला ते हातात घेताच बरं वाटलं. आत्यांसारखंच होतं ते, एका कामाचं आणि हट्टी. कशाला पाहिजे म्हणून त्यांनी विचारलं, तर माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं, घाटावरचं, खिडकीतलं, सगळं. मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत.

"आमच्यात जाळत न्हाईत, बसवून मातीत ठेवत्यात, वैनी. कावळ्याला कोण इचारत न्हाई."

"बरं हाय तुमचं."

"बरं कुठलं? तुमास्नी कावळा सांगतो तरी. आमची अव्वा, आई म्हंजे, जाऊन इतकी वर्षं झाली, तिला शेवटाला काय म्हणायचं हुतं ते मला अजून कळंना." आणि त्यांनी यंत्रात नवी बॅटरी घालून दिली.

मी बसून आठवेल तेवढं सगळं त्यात भरलं. आत्यांचं सगळं तिथीवर चालायचं आणि यंत्राला इंग्रजी तारीखच कळते, म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं आणि एकेक तिथी तारखेत बसवली. पंचमी, बैलपोळा, नवरात्रात देवीवर टांगायची कडाकण्यांची, म्हणजे कडक पुऱ्यांची, माळ. ते किर्र वाजलं की मी झाकण उघडायचे, वाचायचे आणि उठून ते काम करायचे. मधे दुसरं काही यायचंच नाही. सगळा श्रावण कावळा फिरकला नाही. मिश्रीचा वासही गेला. सयाजी मला चिडवायला लागले, "आई बरी हुती बाबा, ती निदान किर्र तरी करत नव्हती." मीही हसले. सुटले, असं मला वाटलं.

गौरी जेवल्या, गौरी गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या खोलीत आले आणि खिडकीत तो बसलेला.

मी यंत्र उघडून पाहिलं. त्या दिवशी काहीच नव्हतं. पुढे-मागे बटणं दाबत गेले, सगळं झालेलं. कॅलेंडर चाळलं. अमरसिंहांना फोन केला, त्यांनाही काही आठवेना. मिश्रीचा वास इतका दाटून आला की मला ठसका लागला. मी खिडकीकडे तोंड करून चक्क ओरडले, "सांगा की मग काय ऱ्हायलंय! मला कसं कळणार?" तो हलला नाही. मला रडू आलं. जे मला कुणी सांगितलंच नाही, ते मी कशात घालू?

तेवढ्यात पुढच्या दारातून हाक आली. धोंडुबाई होती, आत्यांच्या माहेरची, गगनबावड्याच्या पलीकडची. दरवर्षी गौरीच्या आधी ती यायची, आत्या तिला आत नेऊन बसवायच्या, जाताना ती चटणी घेऊन जायची. चटणीसाठीच येते असं आम्ही समजत होतो. या वर्षी घाटात पावसानं रस्ता बंद होता, म्हणून उशीर झाला म्हणाली. मी चहा केला, चटणीचं पुडकं बांधून दिलं. ती उठेना. मी आत्यांची आठवण म्हणून एक लुगडं दिलं, तरी ती उठेना.

"दे की, पोरी," ती म्हणाली.

"काय, मावशी?"

"बायडानं, तुझ्या सासूनं, तुला सांगितलं न्हाय व्हय? खण. दर वर्साला खण आन् नारळ देती ती. लेकीला."

"कुणाच्या लेकीला?"

दुपार झाली होती, त्याच वेळी सयाजी त्यांच्या गॅरेजवरून जेवायला आले. ते दारात चप्पल काढता काढता थांबले. धोंडुबाईनं त्यांनाही पाहिलं, आणि सांगायचं की नाही असं तिचं क्षणभर झालं. मग तिनं सांगितलं. आत्यांचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं, भर पावसात, गौरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. मुलगी झाली. घाट बंद, इकडून कुणी जाऊ शकलं नाही. बारशाच्या आत मूल गेलं. इकडच्या माणसांनी त्याचं तोंडही पाहिलं नाही. आत्या परत आल्या तेव्हा त्यांच्या सासऱ्यांनी सांगितलं की हा विषय या घरात काढायचा नाही. पुढे सयाजी झाले आणि सगळे त्यांनाच थोरले म्हणायला लागले.

"आंब्याखाली ठेवलीया तिला," धोंडुबाई म्हणाली. "मी त्यावर खण घालून येती. बायडा दर वर्साला इचारायची, आता किती मोठी झाली असती गं माझी?"

मी कपाटातून आत्यांचा ठेवणीतला खण काढला, देवापुढचा नारळ घेतला आणि तिच्या ओटीत घातला. घाटावर मी वैतागून बोलले होते, आणि त्या बाईनं माझा शब्द खरा धरून हे असलं काही माझ्या पदरात टाकलं होतं. माझा राग कुठल्या कुठे गेला, फक्त वाईट वाटत राहिलं. एवढ्या वर्षांत त्यांना हे घरातल्या एकाही माणसाला सांगता आलं नाही!

धोंडुबाई गेल्यावर मी यंत्र घेऊन बसले. वर्षाच्या वर्षाला वाजेल असं वाढदिवसाचं पान उघडलं, आजची तारीख घातली (तिथी हलली की बदलायची), खण-नारळ घातलं. पण ते काही जतन होईना. पडद्यावर नावाची रिकामी जागा लुकलुकत राहिली. नाव घातल्याशिवाय ते पुढे सरकत नव्हतं.

"काय झालं?" सयाजींनी विचारलं. ते अजून जेवले नव्हते, भिंतीला टेकून बसले होते.

"नाव मागतंय," मी म्हणाले. "नावच न्हाय तिला. कोण ठेवणार हुतं?"

ते उठले, जवळ आले आणि माझ्या हातातून यंत्र घेतलं. आईचं कुठलंच काम या माणसानं कधी आपलं म्हणून घेतलं नव्हतं. ग्रीसनं काळी झालेली त्यांची जाड बोटं त्या बटणांवर अक्षरं शोधत राहिली. वेळ लागला. मी मदत केली नाही. खिडकीतला कावळा कधी उडाला, ते आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

त्यांनी शेवटचं बटण दाबलं. पडदा लुकलुकायचा थांबला. मग त्यांनी ते डोळ्यांजवळ धरलं आणि बावन्न वर्षांचा, सगळ्यांचा थोरला, तो माणूस आपण काय लिहिलंय ते लहान पोरासारखं मोठ्यानं वाचू लागला.

"आक्का," ते म्हणाले. मग पुन्हा, कुणाला तरी हाक मारावी तसे, "आक्का."