पत्त्यांचा अर्धा डाव

माझ्या टेबलाच्या खणात एका शिक्षिकेचं पत्र बारा-तेरा वर्षं पडून होतं. आळसामुळे उत्तर राहिलं, असं नाही. उत्तराची तयारी मी फार केली, तीच नडली.

मी ग्रंथालयात नोकरीला होतो. पुस्तकांच्या नोंदी ठेवणारा एक छोटा प्रोग्रॅम फावल्या वेळात लिहिला होता. ज्याला हवा त्याने घ्यावा, आत कसा आहे ते बघावं, वाटलं तर बदलावा, अशा अटीवर एका मासिकाने तो आपल्या सीडीत घातला आणि खाली माझा पत्ता छापला. कुणी तो आतून बघेल असं मला वाटलं नव्हतं. या बाईंनी बघितला. त्यांच्या शाळेतल्या मुलांना त्यात पुस्तक शोधताना अडचण येत होती. तेवढं दुरुस्त करून मला पाठवायची त्यांची इच्छा होती. शाळेला एक जुना, कोरा कॉम्प्युटर मिळाला होता. त्यावर कोणती ऑपरेटिंग सिस्टिम घालावी, असं त्यांनी विचारलं होतं. निदान मला तसं आठवत होतं.

कुणाला सांगायचं तर पारखून सांगावं, असा माझा स्वभाव. मी घरच्या कॉम्प्युटरवरचं विंडोज काढलं आणि लिनक्स या फुकट मिळणाऱ्या सिस्टिमचे प्रकार एकामागून एक घालून बघू लागलो. एकावर अक्षरं सुरेख दिसत, पण प्रिंटर दाद देईना. दुसऱ्यावर प्रिंटर चाले, तर माझाच प्रोग्रॅम रुसे. तिसरा बघून होतो न होतो तोच पहिल्याची नवी आवृत्ती येई. की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

यात हाल झाले बायकोचे. तिला कॉम्प्युटर एकाच कामासाठी लागे. दुपारी चहाचा कप घेऊन ती एकटीने खेळायचा पत्त्यांचा डाव मांडून बसायची.

"आज पत्ते कुठे लपवलेत?"

"खाली डावीकडे बघ."

"काल वर होते."

"काल सिस्टिम वेगळी होती."

"त्या बाईंना कळवलंत का काही?"

"अजून ठरत नाहीये गं."

"लग्नाला हो म्हणायला तुम्हाला एक दुपार पुरली होती."

"तेव्हा अक्कल नव्हती."

"आता आलीय ना, म्हणून माझे पत्ते सापडत नाहीत."

मग एकदा मी त्यातला डेबियन नावाचा प्रकार घातला. दुपारी खोलीत आलो तर ती निवांत खेळत बसलेली. मला काही विचारलंच नव्हतं.

"ही राहू द्या," ती म्हणाली.

"अजून दोन बघायच्या राहिल्यात."

"बघा की. पण ही राहू द्या."

त्याच आठवड्यात तिला दवाखान्यात न्यावं लागलं. ती परत आली नाही. मी सिस्टिम पुन्हा बदलली नाही. पत्र खणात गेलं. माझ्या प्रोग्रॅममध्ये पुढे कुणीच हात घातला नाही. आता तो माझ्याबरोबरच संपणार, असं मी धरून चाललो होतो.

परवा जुना कॉम्प्युटर कुरकुरायला लागला म्हणून मुलगा नवीन घेऊन आला. टेबल हलवायचं होतं, तेव्हा सुनेने खण रिकामा केला.

"बाबा, हे कुणाचं पत्र?"

मी सगळं सांगितलं. ती वाचत होती.

"पण यात सगळ्यात चांगली कोणती, असं कुठे विचारलंय?"

"मग काय विचारलंय?"

"'तुम्ही स्वतः कोणती वापरता ते कळवा. मी तीच घालीन, म्हणजे अडलं तर तुम्हाला विचारता येईल.' एवढंच आहे."

मी चष्मा लावून पाहिलं. तसंच होतं. सारा जन्म वाचण्यात घालवलेल्या माणसाला दोन ओळी नीट वाचता आल्या नव्हत्या.

"आता कुठे असतील त्या," मी म्हणालो. "शाळा तरी असेल की नाही."

"नसली तर तुमचं उत्तर परत येईल. इतकी वर्षं नाहीतरी ते घरातच होतं."

मुलाने मान वर केली. "बाबा, नव्यावर कोणती घालू?"

"तीच. आवृत्ती नवी चालेल."

"आणि जुन्यावरचा आईचा अर्धा राहिलेला डाव?"

"आला तर बघ."

डाव आला. पत्ते तिने सोडले तसेच होते. किलवरची नव्वी उघडी पडली होती आणि बदामच्या दश्शीवर ती सहज बसली असती. तिला ते दिसलं नाही, की चहा गार होतोय म्हणून ती उठली, कोण जाणे. मी हात लावला नाही.

संध्याकाळी पत्र लिहिलं. मी डेबियन वापरतो. ते जुन्या कॉम्प्युटरवर चालतं. सगळ्यात चांगलं आहे का, ते मला सांगता येणार नाही, पण आमच्या घरी न विचारता पत्ते सापडत. प्रोग्रॅममध्ये ती दुरुस्ती करायची तुमची अजून इच्छा असेल तर जरूर करा, अडलं तर विचारा. उशिराबद्दल चार वाक्यं लिहिली आणि तीन खोडली.

टपालपेटी कोपऱ्यावरच आहे. पाकीट तिच्या तोंडाशी धरून पत्ता पुन्हा वाचला, मग आणखी एकदा. पूर्वी अशा वेळी शेजारून कुणीतरी "टाका आता" म्हणत असे. थोडा वेळ तसाच थांबलो. मग टाकलं.