भोंग्याची माफी

“एवढंच म्हणायचं,” वकीलबाई फोनमध्ये म्हणाल्या, “माझं चुकलं, पुन्हा सभा घेणार नाही. बास.”

तुरुंगाच्या भेटखोलीत काचेपलीकडे भोंगा हसला. त्याचं खरं नाव आता फक्त खटल्यात घेतलं जायचं. इस्पितळांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात सगळी यंत्रं धडधडत असतानाही त्याची हाक दुसऱ्या टोकाला पोचायची, म्हणून तो भोंगा. आईच्या कडेवर बसून तो या देशात आला, इथंच वाढला, इथल्याच मुलीशी लग्न केलं. पण कायद्याच्या लेखी परका तो परकाच राहिला. उकळत्या पाण्याचा पाइप फुटून एक कामगार बाई भाजली, तेव्हा त्यानं यंत्रं बंद पाडली आणि फाटकासमोर उभा राहून बोलला. ‘देशाला धोका’ म्हणून सरकारनं त्याला उचललं. आता हद्दपारीचा खटला होता.

“बाई, तुम्ही माझ्याच बाजूच्या ना?”

“म्हणून तर सांगतेय. कायदा तुमच्या बाजूला नाही. पण या न्यायाधीशांसमोर मान खाली घातली, की ते कधीकधी सोडतात. मी सोडवून आणलीयत माणसं.”

“आणि जिची कातडी सोलून निघाली तिला काय सांगू? भाजलीस ते तुझंच चुकलं?”

शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोनं फोन ओढून घेतला.

“तू विमानात बसशील ताठ मानेनं. घरी तुझी आई अंथरुणाला खिळलीय. तिची कूस मला एकटीला बदलता येत नाही. मला तू घरात हवायस. गप्प बसलेला चालेल. घोरलास तरी चालेल.”

“घोरू मात्र हळू, असंच ना?”

तिला हसू आलं आणि लगेच रडू. त्यानं काचेवरचा बोटांचा डाग बाहीनं पुसला. मग म्हणाला, “बरं.”

खटल्याच्या दिवशी कारखान्यातली माणसं पाळी बुडवून आली आणि मागच्या बाकांवर बसली. बऱ्याच जणांचे देशात राहायचे परवाने कधीच संपलेले होते, तरीही आली. मधोमध बसली होती मावशी, सगळ्यांत जुनी कामगार. यंत्राची पहिली कळ तिनंच बंद केली होती.

भोंगा उभा राहिला. “माझं चुकलं,” तो म्हणाला.

“जरा मोठ्यानं,” न्यायाधीश म्हणाले. “तुमचा आवाज मोठा आहे असं ऐकतो. मागच्यांनाही ऐकू जाऊ दे.”

“माझं चुकलं. मी लोकांना भडकवलं. पुन्हा सभा घेणार नाही.”

मागे बाक करकरलं. मावशी उठली, पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला आणि कुणाकडेही न बघता बाहेर चालू लागली. तिच्यामागून एकेक करत सगळेच उठले. दार आपोआप मिटलं.

मग सरकारी वकील उठले. फार गोड बोलायचे ते. “तुम्हाला मनापासून वाईट वाटतंय, ऐकून बरं वाटलं. आता तुमच्याबरोबर कोण कोण होतं, तेवढं सांगून टाका.”

वकीलबाई ताडकन उभ्या राहिल्या. “याचा इथं काही संबंध नाही!”

“बसा,” न्यायाधीश म्हणाले. “पश्चात्ताप तुम्हीच पुढे केलात. तो किती खरा आहे, ते बघू दे आम्हाला.”

भोंग्यानं वळून रिकाम्या बाकांकडे पाहिलं.

“मी एकटाच होतो.”

“एवढी सगळी यंत्रं? एकट्यानं?”

“एकट्यानं. बाकीचे नको नको म्हणत होते. मी कुणाचं ऐकलं नाही.”

न्यायाधीशांनी चष्मा पुसला. एक माणूस अख्खा कारखाना बंद पाडत असेल तर तो धोकादायकच आहे, ते म्हणाले. आणि खोटं बोलत असेल तर त्याच्या माफीला काही अर्थ नाही. दोन्हीकडून निकाल एकच. हद्दपार.

बाहेर पायऱ्यांवर वकीलबाईंनी कागद पिशवीत कोंबले. “मी आत्ताच्या आत्ता कारखान्यावर जाते. त्यानं सगळ्यांना वाचवलंय, हे त्यांना कळलंच पाहिजे.”

बायकोनं त्यांचा दंड धरला. “जाऊ नका.”

“अहो, ते त्याला गद्दार म्हणतील!”

“म्हणू देत. तो एकटाच होता, असं त्यानं शपथेवर सांगितलंय. तुम्ही तिथं जाऊन दुसरं काही बोललात, तर मुकादमाच्या कानावर जाईल. मग त्यानं केलं ते कशासाठी?”

वकीलबाई घाईघाईनं अपिलाच्या तयारीला लागल्या. त्या ते दाखल करायला गेल्या, तेव्हा खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता सांगितलं, “तो गेला की हो सकाळच्या विमानानं. आता अपील कुणासाठी?”

पुढे एकदा बायकोला त्याचा फोन आला.

“इथली भाषा मला लहान पोराएवढीच येते गं,” तो म्हणाला. “खाणावळीत जेवण मागताना ‘मंमं’ म्हणालो. सगळे हसले. आता बोटानंच दाखवतो.”

तो इतका हळू बोलत होता, की तिनं दुसऱ्या कानावर हात दाबून धरला.

“कारखान्यातले काय म्हणतात?”

“विचारतात तुला,” ती म्हणाली. “रोज.”

“मावशी?”

“मावशी तर सगळ्यांत जास्त.”

त्याची बायकोही त्याच कारखान्यात, घड्या घालण्याच्या विभागात होती. पूर्वी जाता-येता सगळे तिला वहिनी म्हणायचे. आता समोर आली की बोलणं थांबायचं. चादरीची घडी दोघींनी घालायची असते. एकीनं दोन टोकं धरायची, समोरचीनं दोन, आणि मग एकमेकींकडे चालत यायचं. इतकी वर्षं तिच्यासमोर मावशी असायची. मावशीनं टेबल बदलून घेतलं, आणि तिच्यासमोर उभं राहायला कुणीच तयार झालं नाही.

तिनं इस्त्रीवरून आलेली गरम चादर उचलली. मधला भाग हनुवटीखाली दाबून धरला, दोन्ही हात ताणले. चादर लांब होती. खालची कड फरशीला लागली.

“लागली जमिनीला,” मुकादम लांबूनच ओरडला. “परत धुवायला टाक.”

शेजारच्या टेबलावर मावशीनं मान खालीच ठेवली.

तिनं चादर मळक्या कपड्यांच्या गाडीत टाकली आणि दुसरी उचलली.