जाळीतला उसासा

त्या दिवशी अण्णा स्टुलावर चढून पॅसेजमधली जाळी उघडत होते, आणि त्यांची लेक नेहमीसारखी पुस्तक बगलेत मारून स्टूल धरून उभी होती. घर थंड आणि गरम ठेवणारं यंत्र पॅसेजच्या छतात होतं. त्याच्या तोंडाशी ही जाळी, आणि जाळीमागे पुठ्ठ्याच्या चौकटीतला, घड्याघड्यांचा पांढरा फिल्टर. घरभरची हवा त्यातून गाळून पुढे जायची. आईला दमा होता, त्यामुळे फिल्टरची तारीख अण्णा तिच्या औषधाच्या वेळेसारखी पाळत.

"बाण कुठे?" अण्णांनी वरून विचारलं.

"चौकटीवर."

"चौकटीवर आहे ते मलाही दिसतंय. तोंड कुठे?"

"आत, यंत्राकडे. हवा जाते तिकडे."

"आणि उलटा लावला तर?"

"तर तुम्ही मला घराबाहेर काढाल."

अण्णा हसले. त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट अर्धंच होतं. उरलेलं तरुणपणी एका पंख्याच्या पात्यात गेलं होतं. त्या अर्ध्या बोटाने चौकट दाबून बसवत त्यांनी जाळी लावली आणि एक कागदी रुमाल तिच्याजवळ धरला. रुमाल टपकन जाळीला चिकटला. "ओढ छान आहे," ते म्हणाले. मग खाली उतरता उतरता दर खेपेचा प्रश्न: "लक्षात राहील ना?"

दर खेपेला ती 'हं' म्हणे. त्या दिवशी तेही म्हणाली नाही. पुस्तकातलं प्रकरण संपत आलं होतं, आणि तिचं लक्ष तिकडेच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरचा चहा तसाच ठेवून अण्णा गेले. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. तिने ते वाक्य ऐकलं, मान हलवली आणि लोकांना फोन करायला घेतले. ती वाचनालयात नोकरीला होती. दोन आठवड्यांनी पुन्हा कामावर रुजू झाली. रडली नाही म्हणून वरच्या मजल्यावरच्या काकूंनी चारचौघींत तिला दगड म्हटलं.

उन्हाळा चढला तशी जाळी उसासे टाकू लागली.

यंत्र सुरू झालं की आधी 'हूंऽऽ' असा लांब, दमलेला आवाज यायचा, मग खट् करून काहीतरी आपटायचं. दुपारी पडून उठताना अण्णा अगदी असेच सुस्कारत. पहिल्यांदा आवाज आला तेव्हा आईच्या हातातली ताटली खाली पडली.

"ह्यांचा आवाज आहे गं."

"आई, फिल्टर भरलाय. बदलायला झालाय."

"हात लावायचा नाही त्याला!" आई कधी नव्हे ती ओरडली. "त्यांनी शेवटचा हात लावलेली वस्तू आहे ती."

नवा फिल्टर कपाटात होता, अण्णांनीच आणून ठेवलेला. तो तिथेच राहिला.

आवाजाची बातमी काकूंपर्यंत पोचली, आणि काकूंनी श्वासमहाराजांना आणलं.

महाराज म्हणजे इस्त्रीचे पांढरे कपडे, मध घातल्यासारखा आवाज आणि डोळे अर्धे मिटायची सवय. पॅसेजमध्ये पाऊल टाकताच त्यांनी भिंतीला हात टेकला. "चहा," ते पुटपुटले. "इथे कुणाचा तरी चहा राहिलाय. घोटभरसुद्धा घेतला नाही त्याने."

आई हुंदका देऊन खाली बसली. लेकीने मात्र काकूंकडे पाहिलं. काकू छताकडे बघत होत्या. त्या सकाळी सगळ्यात आधी धावत आल्या होत्या त्या काकूच, आणि निवलेला कप उचलून धुतला होता तोही काकूंनीच.

महाराजांनी पिशवीतून शुभ्र कापड काढून जाळीवर बांधलं. "आत्मा वायुरूप असतो. वायू जिथे गाळला जातो तिथे आत्मा अडकतो. आतली वस्तू काढाल तर त्याला पोरका कराल. वर्षभर हात नाही लावायचा. आणि ह्या कापडाला पाणी लावायचं नाही, चोळायचं नाही. तो स्वतःची खूण देईल."

त्याने खूण दिली. पुढच्या शनिवारी महाराजांनी कापड सोडून झटकलं, तर मधोमध करड्या रंगाचा माणसाचा पंजा उमटला होता. पाची बोटं स्वच्छ.

बघता बघता पॅसेजमध्ये पाय ठेवायला जागा उरेना. शेजारचे आले, शेजाऱ्यांचे व्याही आले, कुणी हात जोडले, कुणी मोबाइल उंच धरले. अर्ध्या इमारतीने महाराजांकडून कापडं घेऊन आपापल्या जाळ्यांना बांधली.

"पण अण्णांचं मधलं बोट अर्धं होतं," लेक म्हणाली. आवाज चढवला नव्हता, तरी सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

महाराज कळवळून हसले. "कन्ये, देह सुटला की देहाची उणीवही सुटते. तिकडे सगळे पूर्ण असतात."

"मग चष्म्याचा नंबरही जात असेल," मागून कुणीतरी म्हणालं. त्याला कोपराने गप्प करण्यात आलं.

आई पंज्याकडे एकटक बघत होती, आणि तिच्या कपाळावर एक बारीक आठी पडली होती. लेकीला ती आठी ओळखीची होती. दुकानदाराने हिशेब सांगितला आणि तो पटला नाही की पडायची तीच.

पण आठीने धाप थांबत नाही. आईचा दमा आठवड्यागणिक वाढत चालला. दिवसभर ती जाळीखाली खुर्ची टाकून बसे. दोन वाक्यांमध्ये थांबावं लागे, श्वासाच्या औषधाचा पंप सतत हाताशी लागे. डॉक्टरांनी घरातली धूळ कमी करा म्हणून बजावलं होतं. महाराजांचं निदान वेगळं होतं: "तुमची धाप म्हणजे त्यांचा श्वास तुमच्यात शिरतोय. पंपाने त्याला परतवू नका." हे ऐकल्यापासून आई पंप उशीखाली लपवू लागली होती. लेकीला वाचनालयात बसून घरच्या फोनची भीती वाटायची. एकजण गेला होता. दुसरं माणूस तिच्या डोळ्यांदेखत जात होतं, आणि तेही टाळ्यांच्या गजरात.

त्यातच जाळी रडू लागली. यंत्र बंद झालं की कापडातून टप टप थेंब पडायचे. लोक ते वाटीत धरू लागले.

सगळं उलगडलं ते आईच्या एका खोडीने. चुरगळलेलं कापड आईला आयुष्यात कधी चाललं नाही. भांडी पुसायच्या फडक्यांनाही ह्या घरात इस्त्री होत असे. पुढच्या शनिवारसाठी महाराज एक कापड घडी करून ठेवून गेले होते. गुरुवारी आईने ते बघितलं.

"ह्यांच्यासमोर... असलं सुरकुतलेलं लावायचं? जरा इस्त्री... फिरव गं."

"पाणी लावायचं नाही म्हणालेत ना ते?"

"शिंतोड्याने... काय होतंय?"

लेकीने इस्त्री तापत ठेवली आणि ओंजळीतून पाणी शिंपडलं. कापड भिजलं. मधोमध मात्र भिजेना. तिथे थेंब मण्यांसारखे वर उभे राहिले. तिने आणखी शिंपडलं, आणि ओल्या कापडावर कोरडा पंजा दिसू लागला. पाची बोटं स्वच्छ. वास घेतला, तर फुटलेल्या टाचांना लावतात त्या मलमाचा.

तिने इस्त्री बंद केली, कापड वाळवलं आणि होतं तसं घडी करून ठेवलं. एकटीने सांगितलं असतं तर ते दगडाचं बोलणं ठरलं असतं.

शनिवारी पॅसेज तुडुंब भरला. महाराजांनी डोळे अर्धे मिटले. "आज तो अस्वस्थ आहे. अश्रू पाहिलेत? त्याला काहीतरी सांगायचंय."

आई बोलायला गेली आणि खोकल्याची उबळ आली. ओठ काळपटले. लेकीने उशीखालचा पंप आणून तिच्या हातात दिला.

"नको!" महाराजांनी हात आडवा धरला. "तो आत येतोय."

"बाजूला व्हा," ती म्हणाली.

आईने पंप ओढला. जरा वेळाने रंग परतला. तेव्हा लेक काकूंकडे वळली. "काकू, महाराजांच्या पिशवीतलं एक कोरं कापड घ्या. तुमच्या हाताने. आणि त्याच्यावर ह्या तांब्यातलं पाणी शिंपडा."

"अगं, पण पाणी नाही लावायचं..."

"का नाही लावायचं, एवढंच बघायचंय. आत्मा अण्णांचा आहे. मी त्यांची मुलगी. पाप लागलं तर मला लागेल."

महाराज पिशवीकडे झेपावले, पण काकू जवळ होत्या, आणि काकूंना कुठल्याही पिशवीत डोकावायची संधी सोडवत नसे. त्यांनी कापड उलगडलं, पाणी शिंपडलं. थोडं थांबल्या. मग आणखी शिंपडलं.

"अगं बाई," काकू म्हणाल्या. "हा तर आधीपासूनच आत आहे!"

कापड हातोहात फिरलं. कुणी नखाने खरवडलं, कुणी हुंगलं. "माझ्या टाचांचं मलम!" एक बाई किंचाळली.

"ही अश्रद्ध हातांची बाधा आहे," महाराज म्हणाले. मध आता पातळ झाला होता.

लेकीने आईसमोर गुडघे टेकले. "आई, मलमाला धूळ चिकटते. कापड झटकलं की बाकीची पडते, मलमावरची राहते. झालं एवढंच. पण ती धूळ कसली आहे, ते दाखवायला मला जाळी उघडावी लागेल. तू नको म्हणालीस तर नाही उघडणार."

सगळे आईकडे बघू लागले. आईने कोरड्या पंज्याकडे पाहिलं, मधल्या बोटावरून स्वतःचं बोट टोकापर्यंत फिरवलं.

"मला तेव्हाच खटकलं होतं," ती म्हणाली. "चाळीस वर्षं हातात हात होता. त्यांचा हात... मी ओळखणार नाही?" मग श्वास घेऊन: "काढ तो."

लेकीने यंत्र बंद केलं, स्टूल ओढलं. काकूंनी न सांगता ते धरलं. जाळीमागून निघालेला फिल्टर पांढरा राहिला नव्हता. जुन्या घोंगडीसारखी जाड करडी साय त्याच्यावर धरली होती. तो तिने गॅलरीत नेला, पिशवीतलं आणखी एक कोरं कापड काकूंना ताणून धरायला लावलं आणि फिल्टर त्यावर हलकेच आपटला. मग कापड झटकलं. करडा पंजा सगळ्यांदेखत उमटला. आठवडाभराची साधना दोन मिनिटांत आटोपली.

"आणि उसासा?" कुणीतरी विचारलं.

"फिल्टर तुंबला की यंत्राला हवा मिळत नाही. मग ते फटीतून ओढून घेतं, म्हणून हूं. चौकट आत खेचली जाऊन आपटते, म्हणून खट्."

"अन् अश्रू?"

"हवा पोचली नाही की आतल्या गार नळ्यांवर बर्फ धरतो. यंत्र थांबलं की तो वितळतो. ह्या कापडाने उरलीसुरली हवाही अडवली. तुम्ही वाट्यांत धरलंत ते धुळीचं पाणी. ज्यांनी ज्यांनी घरी कापडं बांधलीत, त्यांच्याकडेही महिनाभरात कुणीतरी रडायला लागेल."

महाराज जिन्यापर्यंत पोचले होते. "ओ महाराज!" काकू कठड्यावरून ओरडल्या. "त्या चहाचं मीच सांगितलं होतं ना तुम्हाला? मग भिंतीने कधी सांगितलं?" इस्त्रीचे कपडे भराभर जिना उतरून गेले.

लोक घुटमळत होते, तेव्हा लेक एवढंच म्हणाली, "दुःखात माणूस कशावरही विश्वास ठेवतो. त्यात लाज नाही. पण जो माणूस 'हात लावू नका, उघडू नका, औषध घेऊ नका' म्हणतो, त्याची वस्तू सगळ्यात आधी उघडून बघा. खरं असेल ते उघडल्याने मोडत नाही. आता घरी जा आणि आपापल्या जाळ्या मोकळ्या करा."

पॅसेज रिकामा झाला. आई गॅलरीच्या दारात उभी राहून त्या जुन्या फिल्टरकडे बघत होती.

"म्हणजे ह्यात... ते काहीच नाहीत?"

लेक खोटं बोलू शकली असती. "धूळ आहे, आई. कपड्यांचे धागे, केस, माणसांच्या कातडीचा भुगा. आपल्या दोघींचा. सुरुवातीचा थोडा त्यांचाही असेल, त्यांच्या करड्या स्वेटरचा. पण तो श्वासात घ्यायचा नाही. त्यांनी तो तुझ्या श्वासात जाऊ नये म्हणूनच तर हा इथे लावला होता."

आईने मान हलवली. मग कपाटातून नवा फिल्टर स्वतः काढून आणला, त्याचं वेष्टण फाडून नीट घडी करून ठेवलं आणि तो लेकीच्या हातात दिला.

ती स्टुलावर चढली. आईने स्टूल धरलं. बाण आत, यंत्राकडे. चौकट दाबून बसवली, जाळी लावली, यंत्र सुरू केलं आणि कागदी रुमाल जवळ धरला. तो टपकन चिकटला. जाळीतून कसलाही आवाज आला नाही.

आत कुणी नव्हतं. हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरीही रुमालावर तळहात ठेवून ती मोठ्याने बोलली, आणि आवाज फुटला तो तिने सावरला नाही.

"राहील, अण्णा. लक्षात राहील."