कातडं आकसलं नव्हतं

मी बूट बोलतोय, उजव्या पायाचा. डावा भाऊ शेजारीच बसलाय, पण आमच्या जोडीत बडबड माझ्या वाट्याला आली आणि करकर त्याच्या.

आम्हाला आमच्या मालकांनी स्वतःसाठी शिवलं. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं बूट शिवायचं दुकान आहे. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. गिऱ्हाइकाचे बूट ते हिशेबाने कापतात, आमच्यासाठी मात्र ठेवणीतलं मऊ कातडं काढलं.

दुकानाला खिडकी एकच, तीही बंद. कातडं घासताना उडणारी धूळ, तळवे चिकटवायच्या सोल्युशनचा वास आणि वर उस्तादांच्या सिगारेटचा धूर. खोकला तर घरचाच झाला होता. घरी जाताना धाप लागली की उस्ताद जिन्याला नावं ठेवायचे. बिचारा जिना!

मग माझी पाळी आली. एका संध्याकाळी पाय माझ्यात मावेना. उस्तादांनी मला उलटंपालटं करून पाहिलं आणि कातडं आकसलंय, असा निकाल दिला. दुसरा कुणी असता तर त्याने पायाकडे पाहिलं असतं. हे पडले बूट शिवणारे, यांना दोष बुटातच दिसणार! मला ओलं करून लाकडी साच्यावर ताणलं. थोड्या दिवसांनी मी पुन्हा घट्ट, पुन्हा साचा. सकाळचा पाय वेगळा आणि संध्याकाळचा वेगळा, हे मला कळत होतं. पण बुटाचं ऐकतो कोण?

शेवटी मालकीणबाईंनी उस्तादांचा घोटा बोटाने दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला.

"अहो, बूट नाही आकसला. पाय सुजलेत तुमचे. डॉक्टरकडे चला."

"मला काय धाड भरलीय?" एवढं बोलतानाही उस्तादांना दम लागला. ओठ निळसर दिसत होते. मी फार घाबरलो. हा माणूस गेला तर मी कुणाच्या पायात जायचं?

तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. धुराने फुप्फुसं खराब झालीत, त्यांच्यात रक्त ढकलताना हृदयाची उजवी बाजू थकलीय. म्हणून मागे रक्त तुंबतं आणि पाणी पायात उतरतं. उजव्या बाजूचे हाल मला लगेच पटले.

"ती बाजू साच्यावर ताणून नीट होत नाही, उस्ताद," त्या म्हणाल्या. "तिचं ओझं कमी करायचं. सिगारेट आजपासून बंद."

आता दुकानाची खिडकी उघडी असते. घरी उस्ताद नाकात नळी घालून ऑक्सिजनच्या यंत्राशेजारी बसतात, कमी मिठाच्या भाजीवर कुरकुरतात आणि लघवीच्या गोळ्यांना शिव्या देत त्या वेळेवर घेतात. आजार पुरता जाणारा नाही, पण सूज उतरली. मी मात्र ताणून ताणून पार ढगळ झालोय. बूट शिवणाऱ्याच्याच टाचेत बूट फटफटतो, म्हणून गल्ली हसते. त्यांच्या लेकीने नवी जोडी शिवायला सांगितलं, तर उस्ताद ऐकेनात.

मंडळी, संध्याकाळी बूट दाटायला लागला तर आमच्यावर चिडण्याआधी घोटा एकदा दाबून बघा, आणि खळगा राहिला तर डॉक्टरांना दाखवा.

रोज दिवेलागणीला मालकीणबाई दारात उभ्या राहून विचारतात, "कसा होतोय बूट?"

जन्मभर मापात शिवणारे उस्ताद पाय हलवून मला खुळखुळवतात आणि ऐटीत सांगतात, "सैल."

मग त्या निवांत स्वयंपाकाला लागतात.