मिठाचा थर

तिने किल्लीने शेवटचा स्क्रू सैल केला आणि संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये चिरडलेला टँटलम धातूचा कण आता मोकळा झाला होता. दाब गेला, तरी क्ष-किरणांच्या आलेखातल्या नव्या रेषा पुसल्या नव्हत्या, नुसत्या जरा सरकल्या होत्या. जायला तयार नाहीत मेल्या!

प्रचंड दाब आणि लेसरची धग यांमुळे हा धातू दाब असेपर्यंत नवंच रूप घेतो, असा तिचा आणि तिच्या मार्गदर्शक सरांचा दावा होता. त्यांचा शोधनिबंध एका नियतकालिकाने स्वीकारला होता, पुढच्या आठवड्यात छापून येणार होता. त्याच्यावरच तिची नोकरी ठरायची होती. आई तर फोनवर "झालं ना एकदाचं?" एवढंच विचारायची.

तिने कार्बाइडचा, म्हणजे टँटलम आणि कार्बन यांच्या संयुगाचा, जुना आलेख काढून शेजारी ठेवला. रेषेला रेषा जुळली. दाबाखाली त्या सरकलेल्या होत्या, म्हणून इतके दिवस ओळखू आल्या नव्हत्या. नवं रूप कसलं डोंबलाचं! धातूने कार्बन ओढून घेतला होता, तोही हिऱ्यातूनच. हिरा म्हणजे तरी काय, कार्बनच.

"सर, जरा येता?"

सर चष्मा कपाळावर चढवून आले. पाहता पाहता त्यांनी खुर्ची ओढली आणि हळूच बसले.

"मीठ किती घातलं होतंस?"

हिरा आणि धातू एकमेकांना शिवू नयेत म्हणून मध्ये मिठाचा थर देतात. तो जाड झाला की धातूला जागा कमी उरते, रेषा फिक्या येतात. असे किती नमुने वाया गेले होते.

"तुम्ही सांगितलं त्याच्या निम्मं," ती म्हणाली. "कंटाळले होते हो, सर."

"आणि मला बोलली नाहीस."

"नाही."

"मिठात काटकसर करू नये गं. आमच्या हिला विचार."

तिला हसू आलं नाही.

"छापून आलं असतं, तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं कदाचित," ती म्हणाली, आणि बोलताबोलताच तिला स्वतःची लाज वाटली.

"नसतं आलं. वर्षभर."

सरांनी टेबलावरचा फोन ओढला आणि नियतकालिकाच्या संपादकांना लावला.

"निबंध मागे घेतोय. ते कार्बाइड निघालं... हो, मिठाचा थर पातळ पडला. मीच सांगितलं होतं तसं. ती नको म्हणत होती, माझ्या हट्टापायी केलं तिने. चूकही तिनेच शोधून काढली."

ती ताडकन उठली. सरांनी हातानेच तिला बसायला सांगितलं.

"सर, हे खोटं आहे," फोन ठेवल्यावर ती म्हणाली.

"शेवटचं वाक्य खरं आहे."

"पण तुमचं नाव..."

"मी पुढच्या महिन्यात निवृत्त होऊन घरी बसणार. तुला अजून दारोदार नोकरी मागत फिरायचंय." त्यांनी डोळे चोळले. "दमलो बाबा. तूही जा घरी."

ते पिशवी घेऊन निघून गेले. जिन्यावरचा त्यांचा पायरव बंद होईपर्यंत ती उभीच होती. मग तिने फोन उचलून तोच नंबर पुन्हा लावला. तोंडात वाक्य तयार होतं.

"हॅलो?" संपादक म्हणाले.

तिने श्वास घेतला.

"काही नाही," ती म्हणाली. "चुकून लागला."